मरळीच्या मेंदूतली वाट

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही, ज्याच्याबरोबर धुळ्यात रोज संध्याकाळी फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. आणि मी कसला माणूस, हे तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो — मी लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याला थांबवून किस्सा ऐकवणारा माणूस. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी शिरलो की लोक चहाचे कप उचलून खुर्च्या माझ्याकडे वळवतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू? फार आवडतं. अशा माणसाच्या पोटात एक न सांगितलेली गोष्ट इतकी वर्षं कशी राहिली? आणि ती सुरू तरी कुठून करायची?

माशापासून करतो. माशाचं बोलायला लागलं की मला धीर येतो.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. जळगावला पीएच.डी. केली ती मरळ माशाच्या मेंदूवर. आख्खा मेंदू म्हणजे तुरीचे चार-दोन दाणे एकाला एक चिकटवून ठेवावेत एवढा. त्यात काही मोजक्या पेशी एक संप्रेरक सोडतात. ते मेंदूखालच्या ग्रंथीला निरोप देतं, ती ग्रंथी पुढे मादीत अंडाशयाला आणि नरात वृषणाला निरोप देते, आणि मासा विणीला लागतो. ह्या पेशी मेंदूत कुठे कुठे पसरल्या आहेत ते शोधायचं, हे माझं काम. मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. पेशी तपकिरी दिसतात. थोड्या नाकाकडून येणारा मज्जातंतू मेंदूला मिळतो त्या तोंडाशी. थोड्या डोळ्यांचे मज्जातंतू एकमेकांना ओलांडतात त्याच्या जरा पुढे. थोड्या पार मागे, मध्यमेंदूत. ना ओळ, ना घोळका. आठवडे बाजार उठल्यावर मागे रेंगाळलेल्या माणसांसारख्या.

ह्याच्यातली सगळ्यात नाट्यमय गोष्ट — वर्गात मी इथे खडू खाली ठेवतो — ती अशी, की ह्यातल्या मुख्य पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. गर्भ असताना त्या नाकापाशी तयार होतात आणि नाकाचा मज्जातंतू धरून चालत चालत मेंदूत शिरतात. माशातल्या कोणत्या पेशी नेमक्या कुठून येतात ह्यावर अजून भांडणं आहेत. माणसाच्या बाबतीत नाहीत. आणि माणसात कधी कधी ही वाट तयारच होत नाही. पेशी नाकापाशी अडकून राहतात. असा मुलगा जन्मतो, उंच वाढतो, धडधाकट दिसतो. पण त्याला वास येत नाही. आवाज फुटत नाही, दाढी धड येत नाही. आणि पुढे मूल होत नाही. त्यावर उपचार आहे. इंजेक्शनं घेतली तर पुष्कळदा मूलही होतं. हे तेव्हाही पुस्तकांत होतं. माझ्या टेबलावरच्या पुस्तकात होतं.

आता घराकडे येतो. यायला नको वाटतं, पण येतो.

आमचं घर चोपड्याजवळ, केळी-कापसाचं. माझे वडील लवकर गेले, मला काकांनी वाढवलं. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांचा मुलगा प्रल्हादभाऊ, माझ्याहून मोठा. घर माळकरी. अंड्याचं नाव काढलं तरी आक्का, म्हणजे माझी काकू, चूळ भरायला लावायची. अशा घरात मी काय सांगणार, की मी मासे कापतो? मी सांगितलं, मेंदूवर संशोधन करतो. कशाच्या मेंदूवर, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. महिन्याभरात गावभर झालं, आबांचा पुतण्या मेंदूचा डॉक्टर होतोय. पुढे कुणीतरी हार्मोन हा शब्द माझ्या तोंडून उचलला, तर मी पोरं होण्याच्या हार्मोनचाही डॉक्टर झालो. पारावर म्हातारे मला डोकेदुखी सांगत. मी गंभीर चेहरा करून त्यांच्या कपाळावर बोट ठेवून हं हं करत असे. किती मजा यायची, काय सांगू. आपण नाटकात आहोत आणि आपल्याला सगळ्यात चांगली भूमिका मिळाली आहे, असं वाटायचं.

खरं फक्त दोघांना माहीत होतं. प्रल्हादभाऊला आणि त्याच्या बायकोला, सुमन वहिनीला.

भाऊला माहीत होतं कारण मासे तोच आणायचा. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, ओल्या गोणपाटात गुंडाळली की जिवंत राहते. तापीवरच्या भोयांकडून तो घ्यायचा आणि मळ्यातल्या खोलीत माझ्यासाठी ठेवायचा. माळकऱ्याचा मुलगा, गळ्यात तुळशीची माळ, आणि लुनाच्या पुढ्यात माशांची गोणी. मी हात जोडले की तो म्हणायचा, "मी काय खास का? तुना शिक्षनना काम शे." खास म्हणजे खातो. स्वतः खात नव्हता ना, मग झालं.

वहिनीला कळलं ते गोणपाटामुळे. मी ते न धुताच घरी आणलं आणि आक्काच्या नाकाला काहीतरी लागलं. वहिनी म्हणाली, मांजरीनं कुठून तरी काहीतरी ओढून आणलं असेल, आणि गोणपाट उचलून मागे नेऊन धुतलं. मला तिनं काहीच विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "भाऊजी, मांजरले सांगा, आपलं आपण धोत जाय."

अशी होती ती. शिंदखेड्याची मुलगी. हसली की तोंडावर पदर घ्यायची, पण डोळे झाकता येत नाहीत ना.

भाऊचा आवाज बारीक होता. मी त्याची नक्कल करायचो — बैलाला हाका मारणारा भाऊ, व्यापाऱ्याशी केळीचा भाव करणारा भाऊ. कार्यात पाहुणे जमले की मला फर्माईश व्हायची. सगळे हसायचे. भाऊही हसायचा, त्याच बारीक आवाजात, आणि मग आणखी हशा. त्याला नुसती तुरळक लव होती, म्हणून दाढीला न्हाव्याकडे तो गंमत म्हणून जातो असं मी म्हणायचो. आज हे लिहिताना हात थांबतो. पण थांबून काय करू?

मग एक उन्हाळा आला. वीण पावसाच्या तोंडावर, म्हणून मला मासे मे अखेरीला हवे होते. भाऊनं गोणी आणून ठेवली आणि माझं जळगावहून निघणं लांबलं. गोणपाट सुकलं, मरळी मेल्या. मी मळ्यावर पोचलो तर बांधावरूनच वासानं उलटी येईल असं झालं. खोलीभोवती कुत्री फिरत होती. छपरावर कावळे. नाकाला रुमाल बांधून मी दार ढकललं — आणि आत प्रल्हादभाऊ खाटेवर मांडी घालून जेवत होता. गोणी खाटेखाली. वर भाऊ, पुढ्यात भरीत-भाकरी, हातात कांदा.

"काब्र रे, तोंडले रुमाल बांधी राह्यना?"

मी हसत सुटलो. दाराची चौकट धरून हसलो. एवढा उत्तम किस्सा मला आयुष्यात आयता मिळाला नव्हता. कुणाला सांगायचा, कसा सांगायचा, भाऊचा आवाज कुठे काढायचा, हे हसतानाच माझ्या डोक्यात रचलं जात होतं. मी विचारलं, "भाऊ, तुला वास येत नाही?"

"माले तं लहानपनपासून काहीच वास येत नही. तुले ठाऊक नही का?"

मला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच अर्धवट ठाऊक होतं. पण त्या दाराशी, रुमालातून श्वास घेत, मी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. उंच, लांब हातांचा. गाल पोरासारखे. आवाज. आणि नाक. जो रस्ता मी महिनोन्‌महिने मरळीच्या मेंदूत शोधत होतो, तो माझ्या भावाच्या डोक्यात बांधलाच गेला नव्हता. मला ते इतकं स्वच्छ कळलं, की हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आत काहीच उरलं नाही.

की तसं नव्हतं? की मला नुसता संशय आला, आणि खात्री मी नंतर त्यात भरली? मी स्वतःला हे इतक्या वेळा विचारलं आहे, की आता दोन्ही उत्तरं सारखीच खरी वाटतात. पण नंतर जळगावला गेल्यावर मी ते पुस्तक उघडलं होतं. पान वाचलं होतं. मग ते मिटलं होतं. हे नक्की.

त्या वेळी लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. आक्का वहिनीला घेऊन फिरायची. नवस, अंगारे, कुणाचं जडीबुटीचं औषध, मग चोपड्यातली डॉक्टरीण, मग जळगावची. सगळ्यांनी वहिनीला तपासलं. भाऊला तपासा असं एखादी म्हणालीही असेल. आक्कानं ते घरापर्यंत येऊ दिलं नसणार. एकदा दुपारी मी ओसरीवर एकटा होतो. वहिनी शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुम्ही हाईच शिकतस ना? पोरं कशी व्हतस, हाई?"

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"मंग दर खेपले मालेच का लेई जातस? त्यासले का नही?"

तिच्या हातातली शेंग फुटली. मी काय म्हणालो? मी काहीतरी गंमत केली. काय गंमत केली ते आठवत नाही, आणि मला माझे सगळे विनोद आठवतात. ती हसली नाही. शेंगा फोडत राहिली.

आता बैठकीवर येतो. फिरून फिरून तिथेच यायचं होतं.

आबांनी शिंदखेड्याहून वहिनीच्या वडलांना बोलावून घेतलं. श्रावणातली कानबाई देवी बसून गेली होती, घरात तिच्या प्रसादाचं, रोटाचं जेवण झालेलं, आलेले भाऊबंद अजून पांगले नव्हते. ओसरीवर सतरंज्या टाकल्या. बोलणं काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं — मुलीला माहेरी पाठवायची आणि भाऊचं दुसरं करायचं. तिचे वडील हात गुडघ्यावर ठेवून बसले होते. ते एवढंच म्हणाले, एकदा नीट बघा, दोष कुणाचा ते तरी कळू द्या. आबा म्हणाले, "दूर कसाले जावानं? आमना घरमाच शिकेल मानूस शे. तोच सांगीन."

आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

तुम्ही कधी भरल्या ओसरीवर असे सगळे डोळे अंगावर घेतले आहेत का? मी घेतले. भाऊ खांबाला टेकून बसला होता, खाली बघत. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. तिनं पदर नीट केला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, घाबरून नाही. मला वाटतं, आशेनं. हा शिकला आहे, ह्याला माहीत आहे, हा सांगेल.

मी उभा राहिलो. बसूनही बोलता आलं असतं. मी उभा राहिलो आणि बोललो. फार छान बोललो. मेंदूच्या तळाशी कशा पेशी असतात, त्या कसा निरोप पाठवतात, तो पाटाच्या पाण्यासारखा एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात कसा जातो, आणि अंडाशयापर्यंत पोचलाच नाही तर बाईला मूल कसं होत नाही. चुलते माना डोलवत होते. आक्का डोळे पुसत होती. मी कुठेही खोटं बोललो नाही. प्रत्येक वाक्य पुस्तकातलं होतं. मी फक्त अर्धंच सांगितलं. मादीचं सांगितलं. तोच निरोप नरालाही जातो, ती वाट नाकापासून निघते, ज्या पुरुषाला वास येत नाही त्याला आधी तपासा — हे मी बोललो नाही. ते जिभेवर होतं. मी त्याच्या बाजूनं वळून पुढे गेलो, आणि बोलण्याचा वेग जरासुद्धा कमी होऊ दिला नाही.

वहिनीच्या वडलांनी विचारलं, "म्हंजे मनी आंडेरमाच दोष शे, असंच ना, डॉक्टरसाहेब?"

आंडेर म्हणजे लेक. डॉक्टर मी अजून झालो नव्हतो.

मी म्हणालो, "तसं दिसतंय."

हे ते. एवढंच. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

का म्हणालो? खरं बोललो असतो तर हे तुला कसं कळलं, असं विचारलं असतं, आणि मग मासे, गोणी, मळ्यातली खोली सगळं बाहेर आलं असतं. म्हणून? भाऊची भरल्या ओसरीवर लाज गेली असती, आणि त्याची नक्कल करून मी ती आधीच बरीच घालवली होती. म्हणून? मी माशांचा माणूस, माणसाबद्दल बोलायचा मला अधिकार नव्हता. म्हणून? पण मग वहिनीबद्दल कसा होता? की मला नुसतं ते बोलणं आवडलं — इतक्या माणसांनी गप्प बसून मला ऐकणं — आणि मध्येच थांबून ते बिघडवायची इच्छा झाली नाही? मी ही कारणं उलटीपालटी करून पाहिली आहेत. कुठलंही घेतलं तरी वहिनी दारातच उभी असते.

ती त्याच दुपारी वडलांबरोबर गेली. जाताना तिला एक वाक्य बोलता आलं असतं — तुमचा हा डॉक्टर तुमच्या मळ्यात मासे कापतो. आबांनी मला घराबाहेर काढलं असतं, आणि माझं बोलणंही त्याबरोबर वाऱ्यावर गेलं असतं. ती बोलली नाही. आक्काच्या पाया पडली, आबांच्या पडली. माझ्याजवळून गेली तेव्हा मी चप्पल शोधत असल्यासारखा वाकलो होतो.

भाऊचं दुसरं लग्न झालं. मूल झालं नाही. दुसऱ्या वहिनीला घेऊन आक्का पुन्हा त्याच देवांना आणि त्याच डॉक्टरणींकडे गेली. मी तोवर धुळ्याला नोकरीला लागलो होतो. माझा प्रबंध झाला, मरळीच्या मेंदूतल्या पेशींचा नकाशा परीक्षकांना आवडला. पेशी नाकाच्या तोंडाशी दाट दिसतात असं मी त्यात लिहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी भाऊ केळीचा घड उचलताना नुसता घसरला आणि मनगट मोडलं. जळगावच्या डॉक्टरला त्या वयात एवढी ठिसूळ हाडं बघून नवल वाटलं. त्यानं तपासण्या केल्या आणि सगळं सांगितलं. हाडांसाठी इंजेक्शनं सुरू केली. मी भेटायला गेलो तेव्हा आबा-आक्का दोघंही राहिलेले नव्हते. भाऊनं मला ओसरीवर बसवलं. ह्या वयात त्याच्या हनुवटीवर दाढी उगवायला लागली होती आणि तो तिच्यावरून हात फिरवत होता.

"डॉक्टरनी पहिलंच इचारं, वास येस का? मी म्हंतलं, नही. तं तो म्हने, इतला दिन कोठे व्हतात?"

मग त्यानं विचारलं, "तुले ठाऊक व्हतं का रे?"

मी म्हणालो, "मला कसं ठाऊक असणार भाऊ, मी माशांचा माणूस." आणि हसलो. तोही हसला. मग अंगणाकडे बघत म्हणाला, "तिले कोन सांगीन आते?"

तिले म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. मी म्हणालो, कशाला आता.

ह्या वर्षी माझ्या वर्गात दोंडाईच्याची एक मुलगी आली. पहिल्या आठवड्यातच तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "सर, आई तुम्हाला ओळखते. तुम्ही तिच्या आधीच्या घरचे दीर ना? सुमन." माझ्या हातात डस्टर होतं, ते मी टेबलावर ठेवलं. मुलीनं सगळं सहज सांगितलं. आजोबांनी आईला दोंडाईच्याच्या एका बायको गेलेल्या माणसाला दिलं. त्याला आधीची मुलं होती, आई नको म्हणत होती, मला मूल होत नाही असं सगळ्यांना आधीच सांगत होती. आणि मग ही झाली. "आई म्हणाली, सरांचा तास बुडवू नको. फार छान समजावून सांगतात."

तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला नाही. आईनं कसं म्हटलं असेल, ते मुलीच्या तोंडून कळायला मार्ग नव्हता.

तो धडा मी पुढे ढकलत राहिलो. शेवटी आलाच. फळ्यावर मरळीचा मेंदू काढला, पेशी खडूनं टिपल्या, नाकापासून वाट काढली. नेहमीच्या जागी खडू खाली ठेवला. तिनं हात वर केला. "सर, माणसात ही वाट झालीच नाही तर?"

मी सांगितलं. वास, आवाज, दाढी, उपचार, सगळं. पुरुषाचं सांगितलं. वर्ग लिहून घेत होता. तिनं लिहिलं नाही, ती ऐकत होती.

"आणि अशा माणसाचं लग्न झालं असेल, सर, आणि मूल नसेल — तर बायकोचा काहीच दोष नसतो?"

कुणीतरी मागे बाक सरकवला. ती विषयासाठी विचारत होती, की उत्तर दोंडाईच्याला आईकडे घेऊन जाण्यासाठी, मला समजलं नाही.

"नसतो," मी म्हणालो.

ती खाली बसली. पुढे काहीतरी शिकवायचं होतं, पण तास तिथेच सोडला. मुलं बाहेर गेली. भाऊला मी अजून सांगितलेलं नाही. वहिनीला नाही. मुलीलाही एवढंच सांगितलं, आणि तेही तिनं विचारलं म्हणून.